शाळेच्या सुट्ट्या वगळून



प्रश्न साधा आहे. सात-आठ वर्षांचं पोर आहे. जून ते एप्रिल दुपारचं जेवण त्याला शाळेत मिळतं. मे महिन्यात शाळेला कुलूप लागतं. तेव्हा त्याला जेवू घालायचं कुणी? आणि का?

'कुणी' हा प्रश्न नगरपालिकेत, पंचायत समितीत, मंत्रालयात विचारायचा. तो आपण विचारूच. पण 'का' हा प्रश्न आधी आपल्याआपल्यात मिटवला पाहिजे. तो मिटला नाही म्हणून आपल्यातलीच पोरं माझ्याशी भांडतात. कुणी म्हणतं ही भिकेची सवय लावणं आहे, कुणी म्हणतं हे सरकारचं काम, आपण केलं तर सरकार सुटलं. भांडणाऱ्यांचं दोन्हीकडचं म्हणणं खोटं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी जागा सांगतो. अंबरनाथ-बदलापूर-वांगणी ह्या पट्ट्यात, शहर जिथं संपतं आणि भाताची खाचरं सुरू होतात तिथं, गरिबांसाठी बांधलेल्या इमारती आहेत. काही सरकारी योजनेतल्या. झोपडी पाडली, बदल्यात खोली दिली. काही खासगी बिल्डरांच्या, 'स्वस्त घर' म्हणून विकलेल्या. ह्या इमारतींच्या पाठीमागं कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या. सरकारी कागदावर एक शहर, दुसरी खेडं. मे महिन्यात दोघांचीही दुपार सारखीच.

घर स्वस्त का, तर ते कामापासून लांब आहे म्हणून. हा हिशोब नीट समजून घ्या, सगळी भूक त्यातून निघते. आई पहाटेची लोकल धरून डोंबिवलीला, ठाण्याला धुणीभांडी करायला जाते. बाप नाक्यावर, नाहीतर एमआयडीसीत ठेकेदाराकडं. दोघं परततात ते दिवेलागणीला. मागं खोलीत आठ वर्षांची पोरगी आणि तिच्या कडेवर तीन वर्षांचा भाऊ. ग्यास पेटवायचा नाही अशी ताकीद. सकाळची चपाती चहाबरोबर संपलेली असते. दुपारी पाच रुपयांचं कुरकुऱ्यासारखं काहीतरी पाकीट दोघांत.

आता कुणी विचारेल, रेशनचं काय? माणशी ५ किलो धान्य २०२३ पासून फुकट मिळतं ना? मिळतं. डब्यात तांदूळ असतो. कच्चा असतो! ह्या भुकेत दाण्याचा दुष्काळ नाही. रांधणारा हात दुपारी घरात नाही, हा दुष्काळ आहे. तो हात दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या पोराला वरणभात कालवून भरवत असतो. मी हे अलंकारिक लिहीत नाही. आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायका हेच काम करतात.

वाडीवरची गोष्ट आणखी वेगळी. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडाला परत येतं. जी पोरं आजीजवळ मागं ठेवली, त्यांची शाळा म्हणजे दुपारचं ताट. शाळा सुटली की ताट सुटलं. मग ती भट्टीवर जातात आणि विटा उलटतात. उल्हासनगरच्या बाजूला जीन्सचे धागे कापायचं काम घरोघर येतं. सुट्टीत पोरांच्या हातात पुस्तकाऐवजी कातरी येते ती तिथूनच.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३, कलम ५. सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत दररोज एक वेळचं जेवण मोफत. आणि त्याच वाक्याच्या पोटात तीन शब्द: शाळेच्या सुट्ट्या वगळून.

हे तीन शब्द मी पुष्कळदा वाचले. लिहिणाऱ्याचं त्यात काही चुकलेलं नाही. त्याच्या डोक्यात जे होतं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. त्याच्या डोक्यात विद्यार्थी होता. विद्यार्थ्याला सुट्टी असते.

मागं जाऊन बघा. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी शिजवलेलं अन्न नव्हतंच. महिन्याला ३ किलो धान्य, आणि ते कुणाला? ज्याची हजेरी ८० टक्के भरेल त्याला. म्हणजे हजेरीची मजुरी. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्याला जसं मस्टर, तसं पहिलीतल्या पोराला मस्टर. आजारी पडलं, भट्टीवर गेलं, टक्के भरले नाहीत, धान्य गेलं. ज्या घरातलं पोर वारंवार गैरहजर राहतं ते घर जास्त अडचणीत असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मजुरीच्या तर्कात ते बसत नाही.

२००१ साली राजस्थानातून पीयूसीएल सुप्रीम कोर्टात गेली. गोदामं भरलेली आणि माणसं उपाशी, हे कसं? २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टानं सांगितलं, धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, आणि वर्षातले किमान २०० दिवस. मोठा निकाल. लाखो पोरांच्या पोटात त्यानं ऊन अन्न घातलं, त्याला नावं ठेवायची माझी पात्रता नाही. पण २०० दिवस हा आकडा शाळेच्या कॅलेंडरातून आला, पोटातून आला नाही. उरलेल्या १६५ दिवसांबद्दल पोटाला कुणी विचारलं नव्हतं.

मग २० एप्रिल २००४ चा आदेश आला. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या, आणि स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासी बायकांना प्राधान्य द्या. १३ मे २०१६ ला स्वराज अभियानाच्या खटल्यात कोर्टानं दुष्काळग्रस्त राज्यांना पुन्हा हेच बजावलं, त्यात महाराष्ट्रही होता. म्हणजे सुट्टीत जेवण देता येतं, हे ठरलेलं आहे. अट एकच, तुमच्याकडं दुष्काळ जाहीर झालेला पाहिजे.

आमच्याकडं तो कसा जाहीर होणार? आमच्याकडं पाऊस धो धो. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, माणसं होड्यांनी काढावी लागली. बारवी धरण आमच्या उशाला. मे महिन्यात टँकरच्या मागं हंडा घेऊन पळणाऱ्या बाईला विचारा दुष्काळ आहे की नाही. पण आणेवारीत तो बसत नाही, आणि पोराच्या पोटाची आणेवारी कुणी काढत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात तर साथीमुळं केंद्रानं सगळ्या देशात सुट्टीतही आहार द्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी, २०२१ ला, महाराष्ट्रात सुट्टीच्या ३५ दिवसांचे पैसे पोरांच्या खात्यावर टाकायचं ठरलं. पाचवीपर्यंत १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४. दिवसाला साडेचार रुपये धरा. त्यासाठी पोराच्या नावाचं बँक खातं पाहिजे. आमच्या इमारतीतली एक बाई बँकेत गेली, तर खातं उघडायलाच हजार रुपये ठेवा म्हणाले. ती परत आली. १५६ रुपयांसाठी हजार! कामाचा खाडा झाला तो वेगळाच. पण ह्या सगळ्यातून एक गोष्ट सिद्ध होते: सरकारच्या मनात आलं की सुट्टीतलं जेवण हे सरकारचं काम होतं. मनात कधी येतं, तर जग थांबतं तेव्हा. आमचं जग दर मे महिन्यात थांबतं.

आता त्याच कायद्यातला दुसरा भाग बघा. सहा महिने ते सहा वर्षांच्या पोरांना अंगणवाडीतून आहार. तिथं 'शाळेच्या सुट्ट्या' हे शब्द नाहीत. अंगणवाडीचा हिशोब वर्षाला ३०० दिवसांचा. म्हणजे मे महिन्यात त्या तीन वर्षांच्या भावाला जेवण आहे, आणि त्याला कडेवर घेऊन येणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीला नाही. सहावा वाढदिवस झाला की पोराचं पोट शाळेच्या कॅलेंडरप्रमाणं चालायला लागतं, असं कायद्याचं म्हणणं दिसतं.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. पोरगी भावाला आत बसवते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. आत येत नाही. तिला माहीत असतं आपलं नाव वहीत नाही. सेविका बघते. मदतनीस बघते. मग पातेल्याच्या तळातली दोन पळ्या खिचडी एका झाकणात येते आणि दाराबाहेर जाते. वहीत त्याची नोंद नाही.

आता बोला. ही बाई चूक करते की बरोबर? पंचवीस पोरांच्या नावावर आलेल्या धान्यात ती तीस जणांना जेवू घालते. पंचवीस पोरांचं प्रत्येकी थोडं थोडं कमी झालं. नियमानं बघितलं तर ही अफरातफर. एका कार्यकर्त्या मित्रानं मला सांगितलं, "हे चूकच. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाला देण्यात कसला न्याय? टंचाई वरून येते आणि वाटणी खालच्या बाईच्या गळ्यात पडते." त्याचं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण पहिलं मला मान्य नाही. त्या बाईसमोर प्रश्न वाटणीचा नव्हता. चौकटीला टेकलेलं एक पोर होतं. 'वहीत नाव नाही' हे उत्तर त्या पोराला तोंडावर देता येतं का, एवढाच प्रश्न होता. ते उत्तर मंत्रालयातून देता येतं, पत्रानं देता येतं. चार फुटांवरून देता येत नाही. आणि जे उत्तर चार फुटांवरून देता येत नाही, ते लांबून देणंही नीतीला धरून नसणार, असं मला वाटतं.

आता आपल्या माणसांच्या आक्षेपाकडं येतो. सगळ्यात जड आक्षेप तोच.

अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले एक बाबा आहेत आमच्याकडं. चळवळीत आयुष्य गेलं. आम्ही पाच-सहा जणांनी मे महिन्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये चूल मांडायचं ठरवलं तेव्हा ते काठी टेकत आले. म्हणाले, "आमच्या आज्ज्यानं येसकरपाळीची भाकर सोडली. दारोदार 'भाकर वाढा माय' म्हणायचं सोडलं. उपाशी राहिला, पण सोडलं. बाबासाहेबांनी ह्यासाठी रक्त आटवलं का, की तुम्ही त्याच्या पणतवंडांला थाळ्या घेऊन पुन्हा लायनीत उभं करावं?"

कुणीच बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. महाडला १९२७ मध्ये पाण्याबरोबर हीही गोष्ट झाली होती हे आपण विसरतो. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा, हे बाबासाहेबांनी तिथंच सांगितलं. आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर मरू म्हणून आपण तळ्यावर गेलो नव्हतो, आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला गेलो, हेही त्यांनीच सांगितलं. पोटापेक्षा माणूसपण मोठं, हा आपल्या चळवळीचा कणा. बाबांना उत्तर द्यायचं तर ह्या कण्याला धक्का न लावता दिलं पाहिजे.

मी पुष्कळ विचार केला. येसकरभाकर अपमानाची का होती? अन्न दुसऱ्यानं दिलं म्हणून? तसं असेल तर आईच्या हातचं जेवणंही अपमान. भाकर अपमानाची होती कारण ती पिढीजात राबणुकीच्या बदल्यात होती, आणि तरीही मजुरी म्हणून मिळत नव्हती, दया म्हणून मिळत होती. देणारा ओसरीवर, घेणारा अंगणाबाहेर. शिळी की ताजी हे विचारता येत नव्हतं. आज का कमी, हे विचारता येत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, देणाऱ्याचं पोर आणि घेणाऱ्याचं पोर एका पंगतीला बसत नव्हतं. ह्यातली एकेक गोष्ट काढून टाका आणि बघा काय उरतं. भाकर उरते. भाकरीत अपमान नसतो.

दुसरी गोष्ट. आज्ज्यानं भाकर नाकारली ते थोरच. पण तो मोठा माणूस होता, त्यानं स्वतःच्या पोटाबद्दल निर्णय घेतला. आठ वर्षांच्या पोरीच्या पोटाबद्दल स्वाभिमानाचा निर्णय मी घ्यायचा? माझी दुपार तर डबा खाऊन झालेली. दुसऱ्याच्या भुकेवर स्वतःचा स्वाभिमान उभा करणं, हे मनुवाद्यांकडून आपण शिकायचं काही कारण नाही.

आणि 'अन्नदान' म्हणून जे चालतं त्याच्याबद्दल बाबा बोलत असतील तर मी बाबांच्या बाजूचा. मे महिन्यात आमच्याकडंही एक पुढारी येतो. फ्लेक्स आधी लागतो, पुलाव नंतर येतो. पोराच्या हातात प्लेट द्यायची, कॅमेऱ्याकडं बघायला लावायचं, मग प्लेट सोडायची. तिथं दाता दिसायला पाहिजे म्हणून पोर उपाशी पाहिजे. दानाची ही जुनी रीत. दात्याचं पुण्य घेणाऱ्याच्या लाचारीवर पोसतं. म्हणून घेणारा कायम घेणाराच राहावा, ही दात्याची गरज असते. उलट उल्हासनगरात सिंध्यांच्या दरबारात लंगर चालतो. आमची पोरं जातात. खाली बसतात, शेजारी कोण ते कुणी विचारत नाही. परत आल्यावर ओशाळलेली दिसत नाहीत. फरक पोरांना कळतो, आपल्याला लेख लिहावा लागतो.

उल्हासनगरचाच दाखला आणखी एक. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं लष्कराच्या रिकाम्या बराकीत राहिली. कल्याण कॅम्प म्हणत. ऑगस्ट १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. निर्वासितांच्या छावण्यांत तेव्हा सरकारनं शिधा दिला. का? त्यांचं घर गेलं होतं म्हणून. ते भिकारी आहेत असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायचं कारणही नव्हतं. मग झोपडी पाडून शहराच्या टोकाला आणून सोडलेल्या माणसाचं काय गेलं? त्याचंही घरच गेलं. विकासाच्या नावानं गेलं, एवढाच फरक.

१८७७ च्या दुष्काळात जोतिबा, सावित्रीबाई आणि सत्यशोधकांनी पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी छावणी चालवली, पोरांना जेवू घातलं. जोतिबांनी त्याला धर्मादाय म्हटलं असेल-नसेल, पण पोर कुणाचं हे विचारल्याचं ऐकिवात नाही. आणि पालीत आळवीची गोष्ट आहे. बुद्ध तिथं गेले, लोक प्रवचनासाठी जमले. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उशिरा, उपाशी आला. बुद्धांनी प्रवचन थांबवलं. आधी त्याला जेवायला वाढायला सांगितलं. तो जेवला, मग धम्म. लक्षात घ्या, क्रम असा आहे. धम्म ऐकशील तर जेवण, असा नाही.

ह्यावरून आमच्यात एक वाद झाला तो सांगतो. आमच्यातला एक जण म्हणाला, जेवणाआधी पोरांकडून वंदना म्हणून घेऊ, संस्कार होतील. मी विरोध केला. त्या पंगतीत कातकऱ्यांची पोरं आहेत, मुसलमानाची दोन आहेत, बिहारच्या भैयाची आहे, मराठ्यांची आहेत. ताटासमोर बसवून 'जय भीम' म्हणायला लावलं तर ते जय भीम भुकेनं म्हटलेलं असेल. बाबासाहेबांचं नाव भुकेच्या बदल्यात घ्यायला लावायचं? मग आपल्यात आणि ८० टक्के हजेरीवाल्यात फरक काय? आम्ही वंदना ठेवली नाही. फोटोही भिंतीवर आहे तसा राहिला, त्याच्याखाली चूल.

पंगतीची गोष्ट निघाली म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईनं पहिल्या दिवशी विचारलं, "रांधतं कोण?" रांधणारी आमच्यातलीच, शाळेत खिचडी करणारी बाई. नाव ऐकून तिनं पोर पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी पोर आपणहून जिना उतरून आलं. आईला सांगू नका म्हणालं. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात, चंपावत जिल्ह्यातल्या सूखीढांगच्या शाळेत सवर्ण पोरांनी दलित बाईच्या हातचं जेवण नाकारलं, तिला कामावरून काढलं. मग दलित पोरांनी सवर्ण बाईच्या हातचं नाकारलं. बातमी वाचून आपली पोरं खूश झाली, जशास तसं म्हणून. मला ते नाकारणं समजतं. पण त्याहून जिना उतरून आलेलं ते पोर मला मोठं वाटतं. २००४ च्या आदेशात कोर्टानं दलित स्वयंपाकिणीला प्राधान्य का दिलं, त्याचं उत्तर त्या जिन्यावर आहे.

आणि ह्या स्वयंपाकिणीचं काय? महाराष्ट्रात २०२३ मध्ये तिचं मानधन १५०० वरून २५०० रुपये झालं. तेही वर्षाचे दहा महिने. सुट्टीत पोराला जेवण नाही आणि तिला पगार नाही. चूल बंद झाली की दोन घरं एकदम विझतात. ह्याबद्दल आपल्या एकाही ठरावात ओळ नाही.

(अंड्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. २०२३ च्या शेवटी सरकारनं आठवड्याला एक अंडं दिलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा काढून घेतला आणि लोकवर्गणीतून द्या म्हणाले. अंडं कुणाला खुपतं हे तुम्हाला माहीत आहे. तो वेगळा लेख. आम्ही बुधवारी देतो.)

आता दुसरा आक्षेप. आपण रांधलं तर सरकार सुटलं. हा आक्षेप तरुण पोरांचा आणि त्यांना घाई आहे, म्हणून तो मला आवडतो. पण इतिहास बघा. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. त्या पँथरांनी जानेवारी १९६९ मध्ये ओकलँडच्या एका चर्चमध्ये पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. नाव बंदुकीचं झालं, पण अमेरिकेच्या पोलीसखात्याचा बडा साहेब हूवर ह्या न्याहारीलाच सगळ्यात जास्त घाबरला. बंदूकवाल्याला गोळी घालता येते. शंभर पोरांना अंडं-पाव वाढणाऱ्याला काय करणार? आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, भाषेची धग घेतली. त्यांच्या पळीची आठवण आपल्या सभांत फारशी निघत नाही. आणि सरकार सुटलं का? १९७५ साली तिथं शाळेतली न्याहारी कायद्यानं कायम झाली. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जेवणाचा स्वतंत्र कार्यक्रम झाला, ज्याची सुरुवात १९६८ ला झाली होती. ते सगळं पँथरांमुळं झालं असं मी म्हणणार नाही. पण पँथरांनी रांधल्यामुळं थांबलं नाही, एवढं नक्की. आज तिथं गरीब वस्तीतल्या खुल्या केंद्रावर पोर आलं तर त्याला कागद विचारत नाहीत. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात 'शाळेच्या सुट्ट्या वगळून' हे शब्द पन्नास वर्षांपूर्वी ओलांडले गेले, आणि समाजवादी शब्द घटनेत घातलेल्या देशात ते कायद्यात बसलेत.

आमच्या घटनेत कलम ४७ आहे. लोकांचं पोषणमान वाढवणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य. मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणून कोर्टात थेट मागता येत नाही. पण कर्तव्य हा शब्द आहे, उपकार हा नाही.

म्हणून आम्ही एक वही ठेवतो. पोरांची नावं नाहीत. तारीख, किती ताटं, किती तांदूळ, मटकी, तेल, सिलेंडर, बाईची मजुरी. वर्गणीतला पैसा कुठून आला तेही. जयंतीच्या वर्गणीतून उरलेलं आहे त्यात, डीजे एका रात्रीचा केला म्हणून उरलं. जूनमध्ये बेरीज मारून त्याचं बिल पंचायत समितीला आणि नगरपालिकेला देतो. देणगीची पावती म्हणून देत नाही. तुमचं काम आम्ही केलं, त्याचा हा खर्च, म्हणून देतो. दोन उन्हाळे झाले. पोच मिळाली, पैसे नाहीत. आमच्यातली एक मुलगी, एलएलबी करते, ती म्हणाली, "दादा, वसूल होत नाही तोपर्यंत ते दानच आहे. तुम्ही फक्त त्याला उधारी म्हणता." मी म्हटलं, सावकाराकडं आपल्या बापजाद्यांचं देणं पिढ्यान्‌पिढ्या वहीत राहिलं, ते कधी दान झालं नाही. एकदा आपलीही वही राहू दे. ती हसली, पण पटलं नाही तिला. तिचं म्हणणं, कलम ५ मधले तीन शब्द काढायची मागणी घेऊन कोर्टात गेलं पाहिजे, पार्किंगमध्ये नाही. ती अर्ज लिहितेय. वहीतले आकडे तिनंच मागून नेलेत.

एक गोष्ट राहिली, आणि ती अजून सुटलेली नाही. कायदा आठवीला संपतो, चौदा वर्षांवर. नववीतला एक पोरगा रोज लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहायचा. जीन्सच्या कारखान्यात सुट्टीपुरता लागला होता, मग काम सुटलं. त्याला बोलावलं. जेवला. जेवून झाल्यावर मोठं पातेलं ओढून घासायला बसला. आमच्या एलएलबीवालीनं त्याला उठवलं. "जेवणाच्या बदल्यात काम नाही करायचं. तुझा हक्क आहे." पोरगा उठला. म्हणाला, "मग मी उद्या येणार नाही."

आला नाही. त्यावर आम्ही रात्री बराच वेळ बोललो. ती म्हणाली, आज पातेलं घासू दिलं की उद्या 'मोठ्या पोरांनी घासायचं' असा नियम होतो, परवा 'घासेल त्याला जेवण'. खरं आहे. रिटायर झालेले बाबा, जे आता रोज दुपारी येऊन खुर्ची टाकून बसतात, ते म्हणाले, "त्याला बदल्यात द्यायचं नव्हतं गं. त्याला नुस्तं घेणारा राहायचं नव्हतं." तेही खरं. दोन्ही खरं असलं की काय करायचं हे कलमात लिहिलेलं नसतं. शेवटी एवढंच ठरलं की आपापलं ताट सगळ्यांनी धुवायचं, पहिलीतल्यानं आणि बाबांनीसुद्धा. पातेल्याबद्दल काही ठरलं नाही.

चार दिवसांनी पोरगा आला. ताट धुतलं, पालथं घातलं. मग पातेलं ओढून घेतलं. ती बघत होती. काही बोलली नाही. उठून राखेचा डबा त्याच्याकडं सरकवला आणि दुसऱ्या बाजूनं घासायला बसली.